तळ्यात कमळ सोडण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गावोगावच्या तळ्यांत कमळे लावावीत, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. हेतू चांगला आहे. माझाही चांगलाच होता.

आमच्या देवळाच्या तळ्यात कमळ आणले ते मीच. शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी, 2016 साली, पाहुण्यांकडून तीन कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले आणि पायऱ्यांपाशी गाळात खोचले. पहिल्या वर्षी पाच-सहा पाने, फूल एकही नाही. तिसऱ्या वर्षी गणपतीला घरच्या तळ्यातले कमळ वाहिले, तेव्हा मी गावभर सांगत सुटलो होतो. आज त्या तळ्यात पाणी शोधावे लागते. पोरांचे पोहणे बंद झाले, विसर्जनाला पाने कापून वाट करावी लागते आणि थंडीत पाने कुजली की वास थेट सभामंडपात.

अनेकांना कमळ आणि कुमुद एकच वाटतात. कुमुदाच्या पानाला चीर असते आणि ते पाण्यावर पसरते. कमळाचे पान अखंड, छत्रीसारखे वर उभे राहते. खरा उद्योग मात्र खाली गाळात चालतो. कंद आडवा धावतो, पेरापेराला नवे पान, नवा फाटा. पाणी दोन-अडीच मीटरहून खोल असले तर तो अडतो. आमचे तळे मधोमधही पुरुषभर नाही.

मागे उन्हाळ्यात जेसीबी लावला. कंदांचे तुकडे झाले आणि पावसात तेवढ्या ठिकाणी फुटले. आता तणनाशक मारायचे चालले आहे, त्याच पाण्यावर गुरे येतात हे विसरून! कमळाचा देठ मोडून पाहा, आत पोकळ नळ्या दिसतील. कंदाला हवा त्यांतूनच मिळते. देठ पाण्याखाली कापला की नळ्यांत पाणी शिरते आणि कंद गुदमरतो. एकदा कापून भागत नाही. आम्ही चौघे वैशाखापासून दर पंधरवड्याला कोयत्या घेऊन उतरतो. पायऱ्यांकडची बाजू आता बरीच मोकळी झाली आहे. पलीकडची मुद्दाम ठेवली, तिथे पानांवरून कमळपक्षी चालतात.

हौस असेल त्यांनी बिनभोकाच्या टबात वीतभर शेतातली माती, वर वीतभर पाणी घालून टब उन्हात ठेवावा. माझ्या अंगणात आता तसाच आहे. कंद फुकट देईन. हाताने उपटलेल्यांचा ढीग काठावर पडला आहे. फक्त तळ्यात टाकणार नाही, एवढे कबूल करून न्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग