टोपलीतलं पाणी जातं कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातली झाडं विणलेल्या स्टँडमध्ये आणि बास्केटमध्ये कशी मांडावीत यावर तुमच्या पुरवणीत लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा फोटोंसाठी आणि एकदा त्यात पाण्याबद्दल काही लिहिलंय का ते शोधायला. फोटो झकासच आहेत, त्यात वाद नाही. वेताच्या उंच स्टँडवर रबर प्लांट, शेजारी ज्यूटच्या बास्केटमध्ये अरेका पाम, वरून मॅक्रमेत, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून विणलेल्या झोळीत, लटकणारा मनी प्लांट, बघून कोणालाही वाटेल की आपलाही हॉल आत्ताच्या आत्ता असा करून टाकावा. पण झाडाला घातलेलं पाणी पुढे जातं कुठे याबद्दल अख्ख्या लेखात एक अक्षर नाही आणि एकाही फोटोत कुंडीखाली बशी नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त पाण्याचं तेवढं ठेवा.

मी हे हौसेने सांगत नाहीये, हात पोळून घेतलेत. मी ज्यूटची एक सुंदर बास्केट आणली होती, आतून पातळ प्लास्टिकचं अस्तर, म्हटलं चला बशीची पण कटकट नाही. त्यात पीस लिलीची कुंडी ठेवली आणि बास्केट लाकडी शेल्फवर. दोन-तीन महिने मस्त गेले. मग पानं पिवळी पडायला लागली, नंतर झाड मान टाकायला लागलं, आणि पीस लिली तर पाणी कमी पडलं की मान टाकतेच, त्यामुळे मला वाटलं तहानलीये, घाल अजून पाणी. इथेच सगळे फसतात बघा. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, ती पाण्यात बुडून राहिली की गुदमरतात आणि कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं आणि आपण वरून आणखी ओततो. मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली होती तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

शेवटी आईने एक दिवस विचारलं, "इथे काही कुजलंय का गं?" मी बास्केट उचलायला गेले तर कडा आणि हँडल माझ्या हातात आले आणि बूड तिथेच शेल्फला चिकटून राहिलं! हँडलच्या शिवणीत अस्तराला सुईची भोकं होती, तिथून पाणी झिरपत होतं. बुडावर कापसासारखी पांढरी बुरशी, आणि खाली लाकडावर काळं गोल कडं, ते घासूनपुसून पण गेलं नाही, अजून आहे, त्यावर आता पुस्तकं ठेवलीयेत. कुंडीतून झाड काढलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा.

तर विणलेली बास्केट म्हणजे कुंडी नव्हे, कुंडीचा अंगरखा आहे. झाड राहणार ते खाली भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत, कुंडीखाली बशी, आणि मग ते सगळं बास्केटमध्ये. बशी बास्केटच्या आत मावेल अशी हवी आणि कुंडीच्या बुडापेक्षा जरा मोठी. मी तर आता कुंडी बाहेर काढून सिंकमध्येच पाणी घालते, खालून निथळेपर्यंत घालायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं आणि ठिबकणं थांबलं की परत बास्केटमध्ये. मोठी कुंडी रोज कोण उचलणार, मान्य, पण तिथे निदान पाणी घातल्यावर थोड्या वेळाने बशीत डोकावून साचलेलं पाणी तरी टिपून घ्या, जुन्या कपड्याने होतं. आणि विणीतून हवा खेळते म्हणून चालतं असं कोणी सांगितलं तर अस्तर काढून बघा, अस्तर लावलं की हवा बंदच.

विणकामाचं सामान सगळं एकसारखं नसतं हे पण लेखात यायला हवं होतं. ज्यूट ओला झाला की कमजोर पडतो. सुती दोरा ओला असताना उलट घट्टच असतो, पण दिवसेंदिवस ओलसर राहिला की बुरशी धरतो आणि आतून कुजतो, म्हणून मॅक्रमेमध्ये कुंडीच्या बुडाखालची गाठ अधूनमधून दाबून बघत जा, झाड पडायचं असेल तर तिथूनच पडणार. आठ इंची कुंडीत साधारण चार-पाच लिटर माती मावते आणि ती भिजली की सगळं मिळून सहज सहा किलोच्या वर जातं, ते डोक्यावर लटकवायचं म्हणजे हुक छतात नीट ड्रिल करून बसवलेला हवा, चिकटवायचे हुक विसरा. वेत भरीव असतो, बांबू पोकळ, त्यामुळे जड कुंडीला वेताचा जाड स्टँड बरा. पण दोन्हीखाली कधी पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर ती धूळ समजून पुसून मोकळे होऊ नका, आत कीड लागलीये. जलपर्णीच्या वाळलेल्या दांड्यांच्या बास्केट पण खूप दिसतात हल्ली. जिवंत असताना ही बाई अख्खा तलाव गिळते, आणि एकदा वाळवून विणली की तिला थेंबभर ओल सोसत नाही, गंमतच आहे.

दुसरं, जागा. लेखात म्हटलंय "रिकामा कोपरा सजवा". अहो कोपरा रिकामा असतो कारण तो अंधारा असतो! आपले डोळे अंधाराला सरावतात म्हणून खोली उजेडाची वाटते, पण खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की झाडाला मिळणारा उजेड खूपच कमी झालेला असतो. दुपारी त्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर हाताची सावली पाडून बघा, कडा स्पष्ट असतील तर बहुतेक झाडं रमतील, सावली पुसटशी असेल तर स्नेक प्लांट किंवा झीझी प्लांट ठेवा, आणि सावलीच नसेल तर तिथे दिवा ठेवा, झाड नको. आता स्टँडचा खरा फायदा सांगते, तो लेखात नेमका राहिलाय. खिडकीच्या कट्ट्याखाली जमिनीवर सावली असते, तिथली कुंडी दीड-दोन फूट वर उचलली की पानं थेट उजेडात येतात. माझा स्पायडर प्लांट जमिनीवर वर्षभर नुसता बसून होता, स्टँडवर चढवल्यावर त्याने पिल्लं टाकली, खत-बित काही बदललं नव्हतं.

हवा शुद्ध होते वगैरे जे लिहिलंय ते जरा आवरा. ते 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून चालत आलंय, तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केला होता. 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा निघालं की इमारतीत बाहेरची हवा येत-जात असते तितका परिणाम झाडांकडून मिळवायचा तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील, आणि काही बाबतीत हजारपर्यंत. मग राहायचं कुठे? झाड छान दिसतं म्हणून ठेवा की, तेवढं कारण पुरत नाही का? आणि घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशाच ठेवा, पानं चावली तर तोंडाची आग होते, ही दोन झाडं उंच स्टँडवर नाहीतर हँगरमध्येच बरी, वेली मात्र खाली लोंबू देऊ नका.

फोटो काढणाऱ्यांवर राग नाही माझा, बशी दिसली की फोटोची मजा जाते हे मला पण कळतं. फक्त पुढच्या वेळी एक फोटो असा छापा की ज्यात कोणीतरी ती बास्केट उचलून धरलीये आणि तिचं बूड दिसतंय.

आपली,
पुरवणी आधी उघडणारी एक वाचक