किणकिणत्या गिटारच्या पलीकडचेही ऐकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किणकिणत्या गिटारवर उभ्या असलेल्या एखाद्या इंडी पॉप (बड्या संगीत कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या पॉप संगीताच्या) बँडचा नवा अल्बम आला की त्यावरची परीक्षणे बहुधा एकाच वळणाने जातात. आधी ‘बर्ड्स’, ‘द स्मिथ्स’ आणि ‘आर.ई.एम.’ या जुन्या गिटारप्रधान बँडची नावे येतात, मग बँडने चाकोरी सोडली नाही अशी तक्रार येते आणि गाण्यांविषयी बोलायला जागाच उरत नाही. अशा परीक्षणाने वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही, आणि बँडवर तर अन्यायच होतो, असे मला मनापासून वाटते.

या नादाचा वारसा कोणी नाकारत नाही. 1964 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने वाजवलेली बारा तारांची रिकनबॅकर गिटार पाहून बर्ड्सचा गिटारवादक रॉजर मग्विन याने तसेच वाद्य घेतले आणि पुढच्याच वर्षी बर्ड्सच्या ध्वनिमुद्रणांत कॉम्प्रेसरच्या (आवाजातील चढ-उतार कमी करणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने त्याचे स्वर लांबवले. तेव्हापासून ही झंकारणारी गिटार अनेकांनी आपापल्या परीने वापरली. मात्र त्यांच्यातले फरक मोठे आहेत. ‘आर.ई.एम.’च्या 1983 सालच्या ‘मर्मर’ या अल्बममध्ये पीटर बकची गिटार स्वच्छ ऐकू येते, तर गायक मायकेल स्टाइपचे शब्द जवळजवळ पुसट राहतात आणि त्या पुसटपणातूनच गाण्याचे गूढ तयार होते. स्मिथ्सच्या गाण्यांत याच्या उलट घडते: गिटारवादक जॉनी मारच्या उजळ सुरावटींवर गायक मॉरिसीचे खिन्न, बोचरे शब्द अगदी स्पष्ट उमटतात. दोन्हीकडे गिटार किणकिणते, एवढ्यावरून दोघांना एका माळेत ओवणारा समीक्षक नेमके काय ऐकतो, हा प्रश्न मला पडतो.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर टोरांटोच्या ‘ऑल्वेज’ या बँडचे देता येईल. त्यांचा ‘अँटीसोशलाइट्स’ हा अल्बम 2017 मध्ये आला आणि त्यानंतरचा ‘ब्लू रेव्ह’ थेट 2022 मध्ये. त्यात गिटारचा झंकार आहेच, पण त्याभोवती गोंगाटाचा दाट थर आहे, गायिका मॉली रँकिनचा आवाज त्या थरात बुडतो आणि पुन्हा वर येतो, आणि गाणी अनपेक्षित जागी वळण घेतात. या अल्बमचे समीक्षकांनी भरभरून स्वागत केले, याचा मला आनंद आहे. मात्र तो आवडण्यासाठी त्यात गोंगाट असावाच लागतो का? ज्या बँडने आपला नाद तसाच राखून फक्त शब्द, चाल आणि गाण्याची बांधणी अधिक नेटकी केली, त्याच्या वाट्याला ‘सुखद, पण परिचित’ एवढाच शेरा येतो. बांधणीतली ही प्रगती पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही, आणि अल्बम प्रसिद्ध होतो त्याच दिवशी परीक्षण छापायचे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्याला वेळ तरी कुठून मिळणार?

म्हणून माझी विनंती आहे की, आपल्या पुरवणीतील संगीत परीक्षणांत पूर्वसुरींचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपावा आणि उरलेली जागा गाण्यांना द्यावी. कडव्यातून ध्रुवपदाकडे जाताना काय बदलते, बास गिटार स्वतंत्र चाल धरते की केवळ साथ करते, प्रसन्न सुरावटीखाली शब्द कोणते दुःख सांगतात, हे वाचायला मिळाले तर अल्बम ऐकावा की नाही हे वाचकाला ठरवता येईल. घाईचे परीक्षण पहिल्या दिवशी देण्यापेक्षा ते दोन आठवड्यांनी छापले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक