लघुपट महोत्सव वाढला, हे कशावरून ठरवायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवाची बातमी छापून येते तेव्हा पहिल्याच ओळीत दोन आकडे असतात: किती देश आणि किती प्रवेशिका. गेल्या वेळेपेक्षा दुप्पट प्रवेशिका आल्या की महोत्सव वाढला, असं आयोजक सांगतात आणि वाचकही तसंच धरून चालतात. आम्ही ठाणे-नवी मुंबईत अशा महोत्सवांसाठी लघुपट निवडण्याचं आणि सभागृहातल्या पडद्यावर ते दाखवण्याचं, म्हणजे प्रक्षेपणाचं काम करतो. प्रवेशिका वाढल्या म्हणजे काम वाढलं, एवढंच त्या आकड्यातून कळतं. ते पेलायला माणसं, तास आणि सभागृहातली सोय वाढली का, हे कुठेच छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

प्रवेशिका का वाढल्या, याचं कारण उघड आहे. फिल्मच्या काळात १० मिनिटांच्या लघुपटाची ३५ मिलिमीटरची प्रिंट ९०० फूट भरायची. ती डब्यात घालून परदेशी धाडायची, कस्टममधून सोडवायची, महोत्सव संपला की परत मागवायची. जितक्या प्रिंट हाताशी, तितक्याच ठिकाणी लघुपट एका वेळी जाऊ शके. फिल्म्स डिव्हिजनने माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा मुंबईतला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० मध्ये सुरू केला, तो या प्रिंटच्या काळात. आज फोनवर चित्रित केलेला लघुपट एका रात्रीत पन्नास महोत्सवांना पाठवता येतो. हजार प्रवेशिका येणं हे आता नवल राहिलेलं नाही.

त्या हजारांचा हिशेब मांडून पाहा. सरासरी १२ मिनिटं धरली तर १२,००० मिनिटं, म्हणजे २०० तास. प्रत्येक लघुपट किमान दोघांनी वेगवेगळा पाहायचा, म्हणजे ४०० तास. नोकरी सांभाळून रोज रात्री दोन तास देणारी सहा माणसं असतील, तर एकही सुट्टी न घेता ३४ दिवस लागतात. शिवाय शिणलेल्या डोळ्यांनी पाहिलेला लघुपट पाहिल्यात जमा धरता येत नाही. सलग आठ-दहा पाहून झाले की संथ सुरुवातीचा प्रत्येक लघुपट कंटाळवाणा वाटू लागतो. म्हणून एका बैठकीला दीड तास पुरे. दोघांच्या गुणांत मोठी तफावत पडली तर तिसऱ्याने पाहायचं, कारण एकाने ९ आणि दुसऱ्याने ३ गुण दिलेला लघुपट बहुधा काहीतरी नवं सांगत असतो. दोघांनीही ६ दिलेला बऱ्याचदा नुसता नीटनेटका असतो. माणसं अपुरी असली की पहिली दोन मिनिटं पाहून लघुपट बाजूला पडतो. शुल्क भरून लघुपट पाठवणाऱ्या विद्यार्थ्याची ही सरळ फसवणूक आहे.

निवडीनंतरचं गणितही असंच. ६० लघुपट घेतले तर १२ तासांचा मजकूर, म्हणजे दीड तासाची ८ सत्रं. दिग्दर्शकांशी गप्पा आणि मधली सुट्टी धरून दोन दिवसांत हे नीट बसतं. त्याच दोन दिवसांत १४० लघुपट कोंबले की गप्पा जातात, सुट्टी जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्च्यांवर फक्त आपापल्या लघुपटाची वाट पाहणारे दिग्दर्शक उरतात.

फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँकडे ठाण्याने मुद्दाम पाहावं. टायरच्या उद्योगासाठी ओळखलं जाणारं ते शहर. १९७९ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लघुपटांचा एक आठवडा भरवला. राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, लघुपटांचा बाजार १९८६ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८८ मध्ये. नऊ वर्षं त्यांनी आधी आपला प्रेक्षक घडवला. जर्मनीतलं ओबरहाउझेन हे तर एकेकाळचं कोळसा आणि पोलादाचं गाव. तिथला महोत्सव १९५४ पासूनचा, आणि १९६२ मध्ये २६ चित्रपटकर्मींनी तिथेच जाहीर केलेल्या जाहीरनाम्याशी नव्या जर्मन सिनेमाची सुरुवात जोडली जाते. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर हे कारखान्यांचे पट्टे पोटात असलेल्या आपल्या शहरांना ही गावं परकी वाटू नयेत. आपल्याकडे मात्र ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द पहिल्याच वर्षी लागतो.

आता सभागृहाबद्दल. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह ही नाटकासाठी बांधलेली वास्तू आहेत, आणि नाट्यगृहात लघुपट दाखवायचा तर तयारी वेगळी लागते. चित्रपटगृहाइतका उजेड हवा असेल तर पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) लागतात. २४ बाय साडेतेरा फुटांचा पडदा ३२४ चौरस फुटांचा, म्हणजे निव्वळ ४,५०० ल्युमेन. जुना झालेला दिवा, रंग खरे ठेवण्यासाठी कमी करावा लागणारा उजेड आणि दारांतून येणारा प्रकाश धरला तर ८,००० ल्युमेनच्या खालचा प्रोजेक्टर भाड्याने घेऊच नये. बैठकीच्या खोलीतला ३,५०० वाला आणला की रात्रीचे प्रसंग राखाडी होतात आणि दोष छायालेखकाच्या माथी येतो. पडद्याची खालची कड रंगमंचापासून तीन फूट तरी वर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटल जातात.

आवाजात याहून मोठी चूक होते. नाट्यगृहात स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असतात, मधे नसतो. फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर धरून केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद मधल्या स्पीकरच्या चॅनलवर असतात. तंत्रज्ञाने नुसते डावे-उजवे जोडले की संगीत ऐकू येतं, पावलं वाजतात, पात्रांचे ओठ हलतात आणि संवाद मात्र गायब! दिग्दर्शक मागच्या रांगेतून धावत येतो तोवर अर्धा लघुपट संपलेला असतो. यावर उपाय दोन: प्रवेश निश्चित होताच प्रत्येकाकडून स्टिरिओ, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या चॅनलची प्रतही मागवायची, किंवा मधला चॅनल तीन डेसिबलने उतरवून दोन्ही बाजूंना वाटायचा. आणखी एक अडचण म्हणजे एकाच सत्रातल्या सहा लघुपटांचं ध्वनिमिश्रण सहा जागी झालेलं असतं, कुणाचं स्टुडिओत, कुणाचं हेडफोन लावून घरी. एकाच पातळीवर सगळे वाजवले तर तिसरा किंचाळतो आणि चौथा कुजबुजतो. आदल्या दिवशी प्रत्येकाचा एक मिनिट संवाद रिकाम्या सभागृहात ऐकायचा आणि फेडरची (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीची) खूण कागदावर लिहून तो कागद मिक्सरशेजारी चिकटवायचा. ६० लघुपटांना दोन-अडीच तास लागतात. आमच्या मते महोत्सवातले हे सगळ्यात मोलाचे तास आहेत.

ते मिळत मात्र नाहीत. नाट्यगृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. तालमीसाठी आदल्या रात्रीचं सत्र घ्यायचं तर त्याचं पूर्ण भाडं पडतं, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री तिथेच लागते. व्यासपीठावरच्या फुलांना लागत नाही, याचं आम्हाला दर वेळी वाईट वाटतं.

फायलींचंही थोडं सांगायला हवं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, युरोपातले बरेच लघुपट २५चे, फोनवरचे ३०चे. लॅपटॉप मात्र बहुधा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो, त्यामुळे २४च्या लघुपटात कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. लॅपटॉपची सेटिंग सत्राआधी जुळवून घ्यावी लागते, आणि एका वेगाचे लघुपट शक्यतो एका सत्रात लावावेत. मल्टिप्लेक्सच्या पडद्यासाठी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत लागते. तिची हार्ड डिस्क लिनक्स या संगणक प्रणालीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, नाहीतर सर्व्हर तिला ओळखेलच असं नाही. कुलूपबंद डीसीपी उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरती चालते. ऐनवेळी सत्र दोन नंबरच्या पडद्यावरून तीन नंबरवर हलवलं की किल्ली लागत नाही. मराठी सबटायटल युनिकोडमध्येच हवीत. जुन्या फॉन्टमधली पडद्यावर निव्वळ अर्थहीन अक्षरं आणि खुणा होऊन उमटतात.

परवानगीचा विषय थोडक्यात. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले लघुपट दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधीच असावे लागतात. म्हणून यादी लवकर ठरली पाहिजे, आणि ती लवकर ठरायला वर सांगितलेले ४०० तास आधी मिळाले पाहिजेत.

वेळापत्रक आखताना आपल्या गावाची घडी लक्षात घ्यावी. मुंबईहून लोकलने घरी येणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सत्राला पोचत नाही, साडेआठला पोचतो. पनवेल-नेरूळकडच्या प्रेक्षकाला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी पकडायची असते, तेव्हा रात्रीचं सत्र दहाला संपायलाच हवं. मराठी लघुपटांना रविवारी सकाळी दहाची वेळ द्या. महाविद्यालयांतली एकांकिकावाली मुलं आणि त्यांचे आईवडील दोन्ही येतात.

नव्या दिग्दर्शकांना एक विनंती. ज्या महोत्सवाला सभागृह नाही, तारीख नाही, निवड समितीची नावं नाहीत आणि दर महिन्याला डझनावारी पारितोषिकं आहेत, तिथे शुल्क भरू नका. तेवढ्या पैशात आपल्या लघुपटाची नीट डीसीपी करून घ्या. ती बनवायची मोफत संगणक प्रणालीही उपलब्ध आहे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे आमचं मागणं एवढंच: आपल्या एकेका नाट्यगृहात वर गुंडाळता येणारा कायमचा पडदा आणि त्यामागे मधला स्पीकर बसवावा, आणि महोत्सवाच्या भाड्यातच आदल्या दिवशीचे चार तास तालमीसाठी द्यावेत. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या महोत्सवाची बातमी करताना प्रवेशिकांच्या आकड्यासोबत आयोजकांना हेही विचारावं: प्रत्येक लघुपट किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, प्रक्षेपणाची तालीम किती तास झाली आणि शनिवारी दुपारच्या सत्राला किती खुर्च्या भरल्या होत्या?

आपले,
लघुपट महोत्सवांच्या निवड व प्रक्षेपण कामातले कार्यकर्ते, ठाणे