वाखेनिंगेनचा अर्ज भरण्यापूर्वी

राहुरी,
१२ ऑक्टोबर

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नेदरलँड्समध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करण्याचा विचार तू फोनवर सांगितलास आणि माझे मत विचारलेस. फोनवर अशा गोष्टी अर्धवट बोलल्या जातात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तू जावेस असे मला मनापासून वाटते. मात्र तू पाठवलेली विद्यापीठांची यादी जागतिक क्रमवारीप्रमाणे लावलेली होती, हे मला पटले नाही. ज्याला पाण्याच्या व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे आहे त्याने क्रमवारी शेवटी पाहावी. आपल्याला कशाचे उत्तर हवे आहे ते आधी ठरवावे आणि त्या प्रश्नावर जिथे काम चालते तिथेच अर्ज करावा.

तुझ्या यादीतली तीन नावे पाण्याशी खरोखर निगडित आहेत, पण तिन्ही ठिकाणी पाण्याकडे पाहण्याची रीत निराळी आहे. डेल्फ्टचे तंत्रविद्यापीठ हे अभियंत्यांचे विद्यापीठ आहे. जलगतिकी, बांधकामे आणि गणिती प्रतिमाने यांवर तिथे भर असतो. त्याच गावातली आयएचई डेल्फ्ट ही स्वतंत्र संस्था १९५७ पासून विकसनशील देशांतल्या लोकांना पाण्याचे शिक्षण देत आली आहे आणि तिथले अनेक विद्यार्थी आपापल्या देशांतल्या पाणीखात्यांतून आलेले असतात. नावात डेल्फ्ट असल्यामुळे या दोन संस्था एकच आहेत असे समजू नकोस. तिसरे वाखेनिंगेन. १८७६ साली तिथे शेतकी शाळा सुरू झाली आणि १९१८ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जमीन, पाणी आणि ते वापरणारा माणूस यांचा एकत्र अभ्यास करण्याची तिथे जुनी परंपरा आहे. नव्वदच्या दशकात रायचूरकडच्या तुंगभद्रा डाव्या कालव्यावर पाणी प्रत्यक्षात कसे वाटले जाते, यावर तिथे पीएच.डी.चा प्रबंध झाला होता. तिथला ‘इंटरनॅशनल लँड अँड वॉटर मॅनेजमेंट’ हा दोन वर्षांचा, १२० श्रेयांकांचा अभ्यासक्रम तुझ्यासाठी योग्य आहे, असे माझे मत आहे. यादीतली बाकीची काही नावे ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ या प्रकारची आहेत. त्यांना डच लोक होखेस्खोल म्हणतात. त्या संस्था वाईट नाहीत, पण त्यांचा रोख व्यवसायशिक्षणावर असतो आणि तुला संशोधनाकडे जायचे असेल तर हा फरक अर्ज करण्याआधीच लक्षात घ्यायला हवा.

आता तुझ्या प्रश्नाविषयी. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या शाखा कार्यालयात माझी नोकरी झाली, आणि तू राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना सुट्टीत माझ्याबरोबर शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्यांवरून फिरला आहेस. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या, शेतकऱ्याला पाणी मिळते आणि शेवगाव-पाथर्डीकडच्या टेलच्या, म्हणजे शेवटाकडच्या, शेतकऱ्याला ते पोचेपर्यंत पाळी संपत येते, हे तू पाहिलेले आहेस. शेजपाळीचा, म्हणजे शेतांना क्रमाने पाणी देण्याचा, कार्यक्रम कागदावर लागलेला असतो, पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज भरून घेतलेले असतात, कालवा सल्लागार समितीची बैठक झालेली असते आणि तरीही टेलला पाणी कमी पोचते. याचे कारण निव्वळ गळती नाही. अस्तरीकरण केले, दरवाजे नवे बसवले, तरी तो फरक पूर्ण जात नाही, कारण दरवाजा किती वेळ उघडा राहणार हे ठरवण्यात हेडच्या गावांचा आवाज मोठा असतो आणि टेलची गावे त्या बैठकीपर्यंतही पोचत नाहीत. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत तुला प्रवाह मोजायला शिकवले. तो प्रवाह कोणाच्या वाट्याला जावा हे कोण आणि कसे ठरवते, ते शिकवले नाही. हा दोष तुझ्या महाविद्यालयाचा नाही, आपल्याकडे सिंचनाचे शिक्षणच तसे आहे.

यावर आपल्या राज्यात काहीच झाले नाही असेही नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ साली झाला. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी द्यावे आणि आतले वाटप त्यांनी स्वतः करावे, हा त्याचा गाभा. दिंडोरीकडच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी हे चांगले करून दाखवले. टेलच्या लोकांनीच तिथे पुढाकार घेतला. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची फडपद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. परंतु कित्येक ठिकाणी संस्था नोंदल्या गेल्या, फलक लागले आणि कारभार मात्र पूर्वीसारखाच राहिला. एका ठिकाणी संस्था जगते आणि शेजारच्याच वितरिकेवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, ती मरते, असे का व्हावे? मला हा प्रश्न नोकरीभर पडत आला आणि तुला तो अभ्यासाचा विषय करता येईल असे वाटते, म्हणून मी वाखेनिंगेनचा एवढा आग्रह धरते आहे.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न नीट पाहता येईल, कारण पाण्याचा कारभार तिथे स्वतंत्र लोकनियुक्त संस्थांकडे आहे. त्यांना वाटरस्खाप म्हणतात. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे बांध राखणे आणि पाणी उपसून काढणे हे शेजाऱ्यांनी मिळून करावे लागे, आणि त्यातून या संस्था तेराव्या शतकापासून उभ्या राहिल्या. १९५० च्या सुमारास त्या अडीच हजारांहून अधिक होत्या, आज विलीनीकरणानंतर २१ उरल्या आहेत. त्या स्वतःचा कर स्वतः बसवतात आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. मागची २०२३ च्या मार्चमध्ये झाली. १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात १,८३६ माणसे गेल्यानंतर पूर रोखण्याची मोठी कामे राष्ट्रीय पातळीवर डेल्टा प्रकल्पात झाली, तरी रोजचे पाणी याच संस्था सांभाळतात. एक सावधगिरी मात्र ठेव. त्यांचा सारा इतिहास जास्तीचे पाणी बाहेर काढण्याचा आहे, आपला कमी पाणी पुरवण्याचा. जास्तीचे पाणी काढायला सगळे एकत्र येतात कारण बांध फुटला तर सगळेच बुडतात. टेलला पाणी पोचले नाही तर हेडचा शेतकरी बुडत नाही. म्हणून तिथली व्यवस्था उचलून इथे आणता येणार नाही. पण २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडेही दुष्काळ पडला आणि पाणी कोणाला आधी द्यायचे हा वाद त्यांनाही सोडवावा लागला. तू तो वाद तिथे राहून समजून घ्यावास, असे मला फार वाटते.

हे सगळे मी प्रस्तावनेखातर लिहिलेले नाही. प्रवेशासाठी जे मोटिव्हेशन लेटर लागते त्याचा मजकूर यातूनच यायला हवा. पुण्यातल्या सल्लागार कार्यालयाने तुला नमुना म्हणून दिलेले पत्र मी वाचले. त्यात विद्यापीठाची स्तुती आहे, लहानपणापासून निसर्गाची ओढ असल्याचे वाक्य आहे, आणि नाव बदलले तर ते कोणाच्याही अर्जाला चालेल. तसले पत्र पाठवू नकोस. तू एका वितरिकेविषयी लिही. तिथे संकल्पित विसर्ग, म्हणजे आराखड्यात धरलेला पाण्याचा प्रवाह, किती होता आणि तू मोजलास तेव्हा किती भरला, टेलच्या शेतकऱ्यांनी तुला काय सांगितले, तुझ्या पदवीच्या प्रकल्पात त्यातले काय सुटले, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयांतून ते तुला मिळेल असे तुला वाटते. त्यासाठी त्यांची विषयपुस्तिका आधी ओळीने वाच. डच प्राध्यापक सरळ बोलतात आणि सरळ लिहिलेले त्यांना आवडते, असे तिथे शिकून आलेल्या माझ्या सहकाऱ्याकडून मी ऐकले आहे. इंग्रजी साधे असले तरी चालेल, पण प्रत्येक वाक्य तुझे असले पाहिजे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, तरी त्यात एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना हमखास अडवते. तुझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग तुझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी माझे असे छापलेले आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा आहे. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिही आणि गुणपत्रिकांवरचा फरक सांगणारे प्रतिज्ञापत्र तयार ठेव. जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन, करून घ्यावे लागेल, कारण तिकडे गेल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवताना तो मागतात. तुझी पदवी चार वर्षांची आहे ही चांगली बाब आहे. तीन वर्षांच्या बीएस्सीला तिथली बरीच विद्यापीठे त्यांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत. नोंदणी आधी स्टुडिलिंक या त्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करायची आणि मग विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रणालीत कागद चढवायचे असतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची मुदत लवकर संपते, डेल्फ्टला तर १५ जानेवारीलाच, त्यामुळे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये देऊन टाक. व्हिसाची तुला धावपळ करावी लागणार नाही; प्रवेश पक्का झाला की निवासपरवान्याचा अर्ज विद्यापीठच त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडे करते.

खर्चाचे तुला स्पष्ट सांगते, कारण तू बाबांना विचारायला संकोचतोस हे मला दिसते. युरोपीय विद्यार्थ्यांना वर्षाला अडीच हजार युरोंच्या आसपास फी पडते आणि आपल्याला साधारण वीस हजारांच्या घरात. राहण्याखाण्याचे महिन्याला हजार युरोंच्या वर धरावे लागतात आणि वर्षभराची ती रक्कम व्हिसासाठी आधीच दाखवावी लागते. दोन वर्षांचा हिशेब साठ लाख रुपयांच्या पुढे जातो. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत, आणि घेत असत्या तरी मी ती ठेवू दिली नसती. राहुरीतला फ्लॅट तारण ठेवायला बाबा आणि मी दोघेही तयार आहोत, त्यावर आमचे बोलणे झालेले आहे आणि त्याविषयी तू मनात काही ठेवू नयेस. मात्र संपूर्ण रक्कम कर्जातून उभी करावी असे मला वाटत नाही. वाखेनिंगेनचा आन फान देन बान निधी विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्याचा विचार कर. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती आहे, तिलाही अर्ज कर. यांपैकी काहीच मिळाले नाही तर आपण एक वर्ष थांबू, तू त्या वर्षात कालव्यावर मोजमापाचे काम कर आणि पुढच्या वेळी अधिक भक्कम अर्ज कर. तुझ्या वयात एक वर्ष थांबण्याने काही बिघडत नाही.

तिथे नोकरी करून खर्च भागवीन, हे गृहीत धरू नकोस. आठवड्याला सोळा तासच काम करता येते, किंवा जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ, आणि त्यासाठीही मालकाला परवाना काढावा लागतो. एक श्रेयांक म्हणजे २८ तासांचा अभ्यास आणि वर्षाला असे ६० श्रेयांक असतात, त्यामुळे वेळही फारसा उरत नाही. वर्षाला निम्मे श्रेयांक मिळाले नाहीत तर विद्यापीठाला ते इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते. गुण दहापैकी असतात आणि आठ मिळणे तिथे फार चांगले मानतात. पहिल्या सत्रात सात आले म्हणून खचू नकोस. खोली मिळणे मात्र खरोखर अवघड आहे. प्रवेशाचे पत्र हातात पडले की त्याच दिवशी विद्यार्थीगृहासाठी नोंदणी कर आणि न पाहिलेल्या खोलीची अनामत रक्कम कोणत्याही परिस्थितीत पाठवू नकोस, कारण परदेशी विद्यार्थ्यांना फसवणारे लोक तिथे पुष्कळ आहेत.

पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे एक वर्षाचा परवाना मिळतो. तू तो घ्यावास की नाही हे आज ठरवायची गरज नाही. परत यावेस अशी अट मी घालत नाही. प्रबंधासाठी क्षेत्रकार्य कुठे करायचे हे मात्र तुझ्या हातात असेल आणि ते मुळेच्या किंवा प्रवरेच्या लाभक्षेत्रात व्हावे अशी माझी इच्छा आहे. विसर्गाच्या जुन्या नोंदवह्या कोणत्या कपाटात आहेत आणि त्यातल्या कोणत्या विश्वासार्ह आहेत, हे सांगायला मी आहे.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, कृषी विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयात मी सोमवारी जाऊन येते. तू गुणपत्रिकांच्या स्वच्छ प्रती, पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान आणि नावातल्या फरकाच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा शनिवारपर्यंत मला पाठव. मोटिव्हेशन लेटरचा पहिला खर्डा इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीत लिहून काढ आणि तोही पाठव, म्हणजे कालव्याचे तपशील मला तपासता येतील.

तुझी,
आई