बँक बुडाली, हप्ता कुठे भरायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की ठेवीदारांच्या रांगांच्या बातम्या छापून येतात, आणि त्या यायलाच हव्यात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते. बँकेचे मुख्यालय भांडुपमध्येच, त्यामुळे आमच्या भागाने ते दिवस फार जवळून पाहिले. पण अशा बँकांचे, आणि गृहवित्त कंपन्यांचेही, आणखी एक गिऱ्हाईक असते. ते कुठल्या रांगेत उभे नसते, म्हणून कुणाला दिसत नाही. घरासाठी कर्ज काढलेला माणूस.

मी एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. सभासदाने कर्ज काढले की बँकेचे पत्र येते आणि आम्ही दप्तरी त्या फ्लॅटवर बोजा नोंदवतो. त्यामुळे कुणाचे कर्ज कुणाकडे आहे, ते मला ठाऊक असते. आमच्या एका तरुण सभासदाच्या गृहवित्त कंपनीने शाखेला कुलूप लावले, तेव्हा तो थेट माझ्या दारात आला. ‘काका, कंपनीच गेली म्हणतात. आता हप्ता भरायचा कुणाला? की भरायचाच नाही?’

भरायचाच. देणारा बुडाला म्हणून घेणाऱ्याचे कर्ज बुडत नाही. ते कर्ज म्हणजे त्या संस्थेचे येणे, आणि येणे कुणाच्या तरी हाती जातेच. विलीनीकरण झाले तर दुसऱ्या बँकेकडे, परवाना रद्द झाला तर अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचे येणे-देणे मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. पीएमसी २५ जानेवारी २०२२ पासून युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली, न्यू इंडिया सहकारी बँक ४ ऑगस्ट २०२५ पासून सारस्वत बँकेत. डीएचएफएल या गृहवित्त कंपनीच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला, दिवाळखोरीची प्रक्रिया चालली आणि २०२१ मध्ये पिरामल समूहाने ३४,२५० कोटी रुपयांना कंपनी घेतली. या प्रक्रियेत स्थगिती मिळते, पण ती कंपनीला. कंपनीकडून ज्यांना पैसे यायचे असतात, त्यांचे दावे तेवढ्यापुरते थांबतात. कंपनीला ज्यांनी पैसे द्यायचे, त्यांचे हप्ते चालूच राहतात. अनेकांची गल्लत नेमकी इथे होते. दिलासा एवढाच की नव्या मालकालाही जुन्याच करारनाम्याने चालावे लागते.

आमच्या सभासदाने पैसे अडवून ठेवले नाहीत. दर महिन्याची रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहिला, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पत्रे पाठवून पोच जपून ठेवली. तरीही कर्ज ज्यांच्याकडे गेले, त्यांनी मधल्या महिन्यांचे दंड लावलेच. खात्यात पैसे होते, पण ते ओढून घ्यायला समोर कुणी नव्हते, यात त्याचा दोष कोणता? पोच दाखवून बराच पाठपुरावा केल्यावर दंड मागे घेतला गेला. ज्याच्याकडे पोच नसेल त्याने काय करावे? त्यात मधल्या काळात ‘आता हप्ता या खात्यात भरा’ असे व्हॉट्सअॅप संदेश येऊ लागतात. जुन्या आणि नव्या दोन्ही संस्थांकडून लेखी खातरजमा होईपर्यंत अशा खात्यात एक रुपयाही टाकू नये.

हप्त्याचे एक वेळ निभावते. खरी धास्ती कागदांची. मूळ करारनामा, त्याआधीच्या सगळ्या खरेदीविक्रीचे करारनामे, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, हे सगळे कर्ज घेताना आपण हसत हसत देऊन टाकतो. ते शाखेच्या कपाटात असते असा आपला समज. पुष्कळदा ते भलत्याच कुठल्या गोदामात, खोक्यात पडलेले असते. कंपनी अडचणीत आली की गोदामाचे भाडे कोण भरतो, खोक्यांची यादी कुणाकडे, हे सांगणारा माणूस सापडत नाही. अशा वेळी कर्ज दुसऱ्या बँकेत हलवावे म्हटले, तर ती बँक आधीच्या संस्थेकडून बाकी रकमेचा दाखला आणि कागदपत्रांची यादी मागते. ती देणार कोण? मूळ कागद हरवले तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल. हे सगळे करूनही मुंबईत असा फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाईक भाव पाडते.

१३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने यावर चांगला उपाय केला आहे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा, आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास कर्जदाराला दर दिवसाला ५००० रुपये द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. पण ते बँका आणि वित्त कंपन्यांना उद्देशून आहे. परवाना रद्द झालेल्या बँकेच्या अवसायकालाही हेच बंधन आहे, असे स्वच्छ शब्दांत लिहून निघायला हवे.

ठेवीदाराला निदान ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. कर्जदार भरपाई मागत नाही, माहिती मागतो. ज्या दिवशी निर्बंधांचा किंवा परवाना रद्द झाल्याचा आदेश निघेल, त्याच दिवशी हप्ता कोणत्या खात्यात भरायचा, कागद कुणाच्या ताब्यात आहेत आणि हप्ता स्वीकारायला कुणी नव्हते त्या महिन्यांची थकबाकी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, लागणार नाही, या तीन गोष्टी मराठीत जाहीर कराव्यात. शाखेच्या बंद शटरवर तेवढा एक कागद चिकटवायला पैसे पडत नाहीत.

सहकार खात्याकडेही एक मागणी आहे. कर्ज तिसऱ्याच संस्थेकडे गेल्याचे पत्र आले की बोजाची नोंद बदलण्यापूर्वी सोसायटीने कोणते दस्त पाहावेत, हे ठरवून द्यावे. सध्या लेटरहेडवर आलेल्या कागदाच्या भरवशावर आम्ही सचिव मंडळी लाखोंच्या नोंदी इकडच्या तिकडे करत आहोत.

– एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, भांडुप (पूर्व)