‘पन्नाशीनंतरचा कम्फर्ट’ म्हणून विकलेल्या जीन्सबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फोटोपेक्षा वेगळा माल, लेबलवर वेगळं कापड, नाकारलेला रिटर्न, आणि आमच्या वयाच्या बायकांना न बसणारी मापं

नमस्कार,

चॅटवर लिहून झालं, मेल करून झाला, दोन्हीकडून तेच छापील उत्तर आलं की गैरसोयीबद्दल खेद आहे, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, आणि हे कोणीतरी माणसाने शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती आहे.

दिवाळीच्या सेलमध्ये मी तुमच्या साईटवरून दोन जीन्स घेतल्या, एक गडद निळी आणि एक काळी, दोन्ही मिळून 3,598 रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं की पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी खास कट आहे, हाय राईज आहे म्हणजे कंबर उंच बसते, पोट नीट झाकलं जातं, दिवसभर घालता येते. मी 56 वर्षांची आहे, डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला ऑफिसला जाते. गर्दीच्या लोकलमध्ये ओढणी सांभाळत चढणं-उतरणं आता नको वाटतं, साडीचं तर नावच नको, त्यामुळे जीन्स आणि वर सुटसुटीत कुर्ती हेच माझं रोजचं झालंय, आणि आमच्या डब्यातल्या निम्म्या बायकांचं तेच आहे. आमच्यासाठी म्हणून कोणीतरी जीन्स बनवतंय हे बघून मला खरंच आनंद झाला होता, मी तर घेण्याआधीच दोन मैत्रिणींना लिंक पाठवली होती.

आधी रिटर्नचं. निळी जीन्स घातल्या घातल्या कळलं की बसत नाहीये, लगेच मुदतीत रिटर्न टाकला, टॅग जागेवर, पिशवी सकट. पिकअपला आलेल्या मुलाने फोनमधला फोटो बघितला आणि म्हणाला, "काकू, फोटोत मागचा खिसा प्लेन आहे, तुमच्या पीसवर एम्ब्रॉयडरी आहे, क्यूसी, म्हणजे तपासणी, पास होत नाही, मला नेता येणार नाही." त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला जे दिसलं ते त्याने टाकलं. पण म्हणजे फोटो तुम्ही एक दाखवला, माल दुसरा पाठवला, आणि आता तो फोटोसारखा नाही म्हणून तुम्हीच परत घेत नाही? संध्याकाळी मेसेज आला की ग्राहकाने दिलेली वस्तू जुळत नसल्याने रिटर्न रद्द. मी वस्तू बदलली असा त्याचा सरळ अर्थ होतो. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे वाचून कसं वाटलं असेल याचा विचार करा.

दुसरं कापडाचं. साईटवर 98 टक्के कॉटन आणि 2 टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असं स्पष्ट लिहिलंय, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. जीन्सच्या आत डाव्या बाजूला जी पांढरी पट्टी शिवलीय तिच्यावर कॉटन 69, पॉलिस्टर 29, इलास्टेन 2. हा काही किरकोळ फरक नाही. पाळी जायच्या आसपास आणि नंतरही कित्येक बायकांना एकदम अंगातून गरम वाफ आल्यासारखं होतं, मिनिटभरात घाम फुटतो, मलाही होतं, आणि मे महिन्यात ठाण्याच्या पुढे उभं राहून प्रवास करताना पॉलिस्टर मांडीला चिकटून बसतं, घाम शोषला जात नाही, जांघेत पुरळ येतं. कॉटन बघूनच मी ती घेतली होती. कापड किती जाड आहे तेही कुठे लिहिलेलं नाही. डेनिमचं वजन औंसात मोजतात, आठ-दहा औंसाचं हलकं, बारा-चौदाचं जाड, ते एका ओळीत लिहिलं तर मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या बाईला घरबसल्या कळेल की हे आपल्याला झेपेल का नाही.

काळी जीन्स मी ठेवून घेतली कारण ती त्यातल्या त्यात बसत होती. ती मी उलटी करून थंड पाण्यात धुते, सावलीत वाळवते, ड्रायर कधी लावला नाही, कारण गरम पाण्याने आणि ड्रायरने इलास्टेन मरतं हे मला माहिती आहे. तरी थोड्याच धुण्यांत गुडघ्यावर फुगे आलेत, सकाळी घातली की ऑफिसला पोचेपर्यंत गुडघा पुढे आलेला आणि सीट, म्हणजे बसायचा मागचा भाग, खाली लोंबलेली. ताणलं जाणं म्हणजे स्ट्रेच नाही, ताणून परत जागेवर येणं म्हणजे स्ट्रेच, आणि ते तुमच्या कापडात नाहीये.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले. तुमच्या चॅटवरच्या मुलीने मला सांगितलं, "मॅम, एक साईझ मोठी ट्राय करा." हेच उत्तर आम्हाला प्रत्येक दुकानात मिळतं. पण प्रश्न मोठ्या साईझचा नाहीच आहे! या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की चरबी मांड्या आणि सीटवरून पोटाकडे सरकते. माझंच बघा, कंबर 36 झालीय, सीट 41, म्हणजे फक्त पाच इंचांचा फरक, तिशीत हाच फरक नऊ-दहा इंचांचा होता. मांड्या उलट बारीक झाल्यात. तुमच्या चार्टवर 36 कंबरेला 46 सीट दिलीय. म्हणजे तरुण मुलीचा पॅटर्न, कापड कापायचा नमुना, घेतला आणि सगळीकडून सारखा वाढवत नेला, आणि वर पन्नाशीचं लेबल लावलं. मग होतं काय, कंबर बसते तर मांडीवर आणि सीटखाली कापडाच्या घड्या पडतात, आणि मांडी बसेल अशी साईझ घ्यावी तर बटण लागत नाही.

आमच्या इथे एक टेलर मास्टर आहेत, त्यांनी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात बरीच वर्षं कटिंग केलंय. ती निळी जीन्स मी त्यांना नुसती दाखवायला नेली, टॅग काढू दिला नाही. त्यांनी टेबलावर सपाट पसरली, टेप लावला आणि पहिलं आसन मोजलं. पुढचं आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीच्या जोडापासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत, साडेनऊ इंच. याला तुम्ही हाय राईज म्हणता? या साईझला बेंबीपर्यंत यायचं तर अकरा-साडेअकरा तरी लागतं. साडेनऊचं आसन बरोब्बर पोटाच्या मध्यावर बसतं आणि पोटाचे वर एक, खाली एक असे दोन भाग करतं, वरून कुर्ती घातली तरी ती घडी दिसते. शिवाय बसलं की पट्टी पोटात रुतते, जेवणानंतर तर बटण उघडावं असं वाटतं. मागचं आसनही तेवढंच आखूड, म्हणून खाली वाकलं की पट्टी मागून उतरते आणि कुर्ती खेचत बसावं लागतं.

मग त्यांनी कमरपट्टी दाखवली. सरळ पट्टी कापून लावलीय. बाईची कंबर काही नळीसारखी सरळ नसते, त्यामुळे सरळ पट्टी मागे पाठीपासून सुटून उभी राहते, त्या फटीत अख्खा हात जातो. गोलाई देऊन दोन तुकड्यांत कापलेली पट्टी हवी, ती अंगालगत बसते, पण तिला कापड जास्त जातं आणि शिवायला वेळ लागतो, म्हणून टाळतात. तुम्ही 1,799 रुपये घेताय, वर आमच्या वयाचं नाव लावताय, मग एवढं कापड घालायला काय हरकत आहे? पोटावर आत जे पॅनल लावलंय ते खिशाच्या अस्तराच्याच कापडाचं आहे, अजिबात ताणलं जात नाही, आणि आमच्या वयात पोट दिवसभर एकसारखं राहत नाही, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. तिथे पॉवरनेटसारखं ताणलं जाणारं कापड लावतात, ते दाबतं पण टोचत नाही.

लांबीचा प्रश्न तर कोणी मनावरच घेत नाही. तुमच्याकडे आतली लांबी, म्हणजे जांघेपासून खालपर्यंतची, एकच, 32 इंच. माझी उंची पाच फूट एक, मला 27 पुरते. तुमची मुलगी म्हणाली खालून कापून घ्या. अहो पण जीन्सला गुडघ्याची एक जागा ठरवलेली असते, तिथे ती आत येते आणि खाली परत ठरलेल्या मापाने जाते. 32 च्या पॅटर्नचा गुडघा माझ्या पोटरीवर येतो, आणि खालून पाच इंच कापले की मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, रुंद राहते, सगळा आकारच जातो. मग लोक म्हणतात बुटक्या बायकांना जीन्स शोभत नाही. शोभते, पण 27, 28 आणि 30 अशा तीन लांब्या तरी ठेवायला हव्यात. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेऊन भारतीय साईझ चार्ट करायचा प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच ना, की परदेशी चार्ट इथल्या अंगाला बसत नाहीत. तुमच्या साईटवर अजून यूएस आणि यूकेचे कॉलम आहेत.

दिसण्याबद्दलही बोलते, कारण आम्हालाही चांगलं दिसायचं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मांडीवर ते पांढरट फेड आणि मिशांसारख्या रेषा काढल्यात, त्याने मांडी दुप्पट रुंद दिसते. एकसारखा गडद निळा रंग ठेवा, तो सगळ्यात चांगला दिसतो. मागचे खिसे छोटे आणि एकमेकांपासून लांब लावलेत, त्याने सीट पसरट दिसते, जरा मोठे आणि मधल्या शिवणीकडे घेतले की तीच सीट आटोपशीर दिसते. योकला, म्हणजे मागे कमरपट्टीखाली जोडलेल्या तुकड्याला, मध्यभागी व्ही सारखा खोलगट आकार दिला की सीट उचललेली वाटते, तुमचं योक जवळजवळ सरळ आहे. आणि एम्ब्रॉयडरी, खडे, फुलपाखरं आम्ही कधी मागितली? पुढच्या खिशात मात्र मोबाईल सोडा, लोकलचा पाससुद्धा नीट मावत नाही.

मला काय हवंय ते सांगते. निळ्या जीन्सचे पूर्ण पैसे परत आणि पिकअप तुमच्या खर्चाने. काळीचेही पैसे परत, कारण साईटवर लिहिलेलं कापड तिच्यातही नाही, लेबल सारखंच आहे. रिटर्न रद्दच्या कारणात माझ्यावर जो ठपका आहे तो माझ्या अकाउंटवरून काढा आणि तसं लेखी कळवा. साईटवरचा फोटो आणि कापडाची टक्केवारी दुरुस्त करा, म्हणजे दुसरी कोणी फसणार नाही. आणि प्रत्येक साईझला पुढचं-मागचं आसन, मांडी, गुडघा, मोहरी, आतली लांबी ही तयार जीन्सची मापं लिहा. माझ्यासारखी बाई घरातली चांगली बसणारी जुनी जीन्स पसरून टेपने मोजेल आणि ताडून बघेल, तुमचे निम्मे रिटर्न असेच वाचतील.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं, आणि जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. ते खेदाचं छापील उत्तर सोडलं तर रीतसर पोच मला अजून एकाही तक्रारीची आलेली नाही. या पत्रालाही नीट उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार आहे आणि पुढे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि मी राहते तिथेच तक्रार करता येते. स्क्रीनशॉट, लेबलचे आणि टेप लावून काढलेले फोटो, चॅटची कॉपी सगळं सोबत जोडलंय.

निळी जीन्स टॅगसकट तयार आहे. पिकअपला सकाळी साडेसातच्या आत किंवा रविवारी पाठवा, बाकी वेळ मी घरी नसते, आणि येणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये आधी बरोबर फोटो टाकून पाठवा.

आपली ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)