पुनर्विकासाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती सदस्य

विषय : नवी घरं उन्हाळ्यात थंड राहतील अशा तरतुदी विकसन करारात करण्याबाबत

स. न. वि. वि.

विकासकाचा आराखडा मी सोसायटीच्या कार्यालयात बसून नीट पाहिला. आपल्या सभांमध्ये वाढीव चटईक्षेत्र, भाडं, कॉर्पस फंड आणि पार्किंग यांवर भरपूर चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण मे महिन्यात दुपारी या घरांत बसवेल का आणि विजेचं बिल किती येईल, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आपल्यातले बरेच सभासद पेन्शनवर आहेत. घर विनामूल्य मिळालं, तरी ते राहण्याजोगं ठेवायला दोन एसी चालवावे लागणार असतील, तर ते आपल्याला परवडणारं नाही.

आजच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत आणि प्रत्येक खिडकीवर छज्जा आहे. नवी इमारत मिवान पद्धतीने, साच्यांत काँक्रीट ओतून होणार, म्हणजे बाहेरच्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. काँक्रीटमधून उष्णता विटेच्या जवळपास दुप्पट वेगाने आत येते. एएसी ब्लॉकशी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांशी, तुलना केली तर आठ-एक पट. नौपाड्यातल्याच एका नव्या टॉवरमध्ये माझी नणंद राहते. रात्री साडेदहाला तिच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पाठ टेकली, तर भिंत गरमच लागते. छज्जा नाही, वर झरोका नाही, खिडकीला नुसती काच.

आपल्या आराखड्यातही ब विंगच्या सगळ्या मोठ्या बेडरूम पश्चिमेलाच आहेत. मेच्या मध्यावर ठाण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. तापतात त्या गच्ची आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. संध्याकाळचं तिरपं ऊन साध्या छज्ज्याने अडत नाही. त्याला उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून बंद होणारी झडपं लागतात. शिवाय आपल्याकडे समुद्रावरून दुपारचा वारा येतो तोही पश्चिमेनेच. म्हणून ती बाजू बंद करून चालणार नाही, तिथे सावली करून खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे. आराखड्यात सगळीकडे दोन पल्ल्यांच्या स्लाइडिंग खिडक्या आहेत. त्या पूर्ण सरकवल्या तरी निम्मीच जागा मोकळी होते. बिजागरीच्या खिडक्या जवळजवळ पूर्ण उघडतात. पूर्वी घरोघरी त्याच होत्या.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश, जागा खिडक्या-दारांतून उघडी व्हावी असं त्यात म्हटलं आहे. भिंती आणि काचांमधून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर 15 वॅट ठेवली आहे. आपल्याला सक्ती लागू होते की नाही हा वाद बाजूला ठेवू. आपण ही अट करारात लिहून घेऊ शकतो आणि वास्तुविशारदाकडून त्याचं गणित मागू शकतो. ही श्रीमंतांची चैन नाही. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ‘स्मार्ट घर’ प्रकल्पात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एएसी ब्लॉकच्या भिंती, कमी काच असलेल्या बिजागरीच्या खिडक्या आणि वारा खेळता ठेवणारा डक्ट, म्हणजे इमारतीतली उभी मोकळी पोकळी, असा विचार केला गेला.

डक्टची गोष्ट वेगळी सांगते. आराखड्यात स्वयंपाकघराची एकुलती खिडकी ज्या डक्टमध्ये उघडते, तिथेच एसीची बाहेरची युनिट्स दाखवली आहेत. सगळ्या मजल्यांची गरम हवा ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर येणार. हे तर आजच बदलायला हवं, आणि कागदावर आहे तोवर त्याला काहीच खर्च नाही.

गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप मागावा. सामायिक वापराच्या सौर यंत्रणेला केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ या छतावरच्या सौर विजेच्या योजनेत सोसायट्यांना प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट-पंपाच्या बिलाला त्याची मदत होईल.

माझी विनंती अशी, की हा विषय येत्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्यावर ठराव होईपर्यंत आराखड्याला संमती देऊ नये. बाहेरच्या भिंतींचं साहित्य, खिडक्यांचा प्रकार आणि पश्चिमेची सावली या तीन गोष्टी करारात स्पष्ट शब्दांत हव्यात. ‘उत्तम दर्जाचे साहित्य’ एवढ्यावर भागणार नाही. वास्तुविशारदांबरोबर बैठक ठरली, तर सकाळ-संध्याकाळ केव्हाही यायची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद, ब विंग